टेंभरूचं घर

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी साडेदहा. अक्कलकुवा, हमरस्त्यालगतची वखार.

हजर: काकांचा, म्हणजे वखारीच्या मालकांचा, पुतण्या आणि त्याची बायको, ब्राह्मणपुरीहून. करवतीचे चाचा, ज्यांनी याच वखारीच्या यंत्रावर तीस वर्षं लाकूड चिरलं. निवृत्त वनरक्षक, ज्यांना सगळे अजून गार्डसाहेबच म्हणतात. मी.

गैरहजर: दित्या मिस्त्री. त्यांना निरोप पोचलेला नव्हता. तो पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशीचं काम एकच होतं, पाटी उतरवणं. चार बाय सहा फुटांची पत्र्याची पाटी, तिच्यावर एकच शब्द: टिंबर. मालकाचं नाव नाही, 'मार्ट' नाही, गावही नाही. चाचा शिडीवर चढले, गार्डसाहेबांनी खालून शिडी धरली, पुतण्यानं दोर. बारा मिनिटांत पाटी खाली आली. मग कुणाला काय करावं ते सुचेना, म्हणून पुतण्याच्या बायकोनं थर्मासमधला चहा सगळ्यांना दिला आणि आम्ही उलट्या टेकवलेल्या पाटीकडे बघत तो प्यालो.

हजेरी आधी लिहायची ही माझी नोकरीतली सवय. आश्रमशाळेच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं काढली. यादी केली की माणूस हरवत नाही, असा माझा समज आहे. काकांचा याच्याशी वाद होता. ते म्हणायचे, बाई, यादीत नाव उभं राहतं, माणूस कुठं उभा राहतो?

मी बावीस वर्षांची, पहिली नेमणूक, कनिष्ठ लिपिक. माझं गाव शहाद्याकडचं, तापीकाठचं. अक्कलकुव्यात ओळख कुणाची नव्हती. खोली शोधत मी या वखारीत आले, कारण कुणीतरी सांगितलं होतं की टिंबरशेठकडे मागं एक खोली रिकामी आहे. काका तेव्हा पन्नाशीचे असतील. धोतर, वर बनियन, कानावर खडू. त्यांनी भाडं सांगायच्या आधी मला विचारलं, टिंबर हा शब्द कुठून आला?

मी म्हटलं, इंग्रजीतून.

आणि इंग्रजीत कुठून आला?

मला माहीत नव्हतं. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी मला ओंडक्यावर बसवलं, चहा सांगितला आणि जे सांगितलं ते पुढं पाच वर्षं मी त्यांना गिऱ्हाइकांना, ट्रकवाल्यांना, शाळा तपासणीला आलेल्या साहेबांना सांगताना ऐकलं. आपल्या सातपुड्यात टेंभरूचं झाड आहे, ज्याच्या पानांची विडी वळतात. गोरा साहेब जंगल मोजायला आला. त्यानं पहिलं झाड बघितलं ते टेंभरूचं. विचारलं, हे काय? आपला माणूस म्हणाला, टेंभरू. साहेबानं वहीत लिहिलं, टिंबर. झालं. तेव्हापासून सगळ्या दुनियेतलं इमारतीचं लाकूड आपल्या डोंगरातल्या झाडाच्या नावानं विकलं जातं.

हे सांगताना ते साहेबाची टोपीसुद्धा करून दाखवत, दोन्ही हातांनी.

त्यांच्याकडे एक जाड इंग्रजी शब्दकोश होता. नंदुरबारच्या रद्दीतून आणलेला, पुठ्ठा नसलेला. त्यांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, पण तो कोश ते रोज एक पान वाचत. शब्दाला ते लाकडासारखं धरत. रेघेरेघेनं चिरायचा, म्हणत, आडवा कापला की हातात फक्त भुसा येतो. गंमत अशी की त्या कोशात टी या अक्षराची पानं वाळवीनं खाल्लेली होती. 'timber' हा शब्द शाबूत होता, त्याचा अर्थही अर्धा शाबूत होता, आणि व्युत्पत्ती जिथं असायला हवी तिथं नखाएवढं भोक होतं. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या घरात वाळवीनं नेमकं तेवढंच खावं. त्या भोकात काकांनी टेंभरू लावलं होतं.

सवयी सांगायच्या तर पुष्कळ. ओंडका घ्यायच्या आधी बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करत आणि कान लावत, डॉक्टर छाती बघतो तसं. 'लाकूड' हा शब्द वखारीत चालत नसे. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, शेठ, लाकूड दाखवा, की काका बोट रस्त्यापलीकडे करत. तिकडं मोळीवाल्या बसायच्या. चुलीत जातं ते सरपण, चुलीवर छप्पर धरतं ते टिंबर, हा त्यांचा नियम. पावसाळ्यात सगळ्या वखारीला ओलसर सागाचा वास यायचा आणि ते नाक वर करून सांगत, हा तळोद्याकडचा, हा पार धडगावचा. चाचा मागून डोळा मारायचे, कारण दोन्ही एकाच ट्रकमधून उतरलेले असायचे.

आणि काही ओंडक्यांवर गेरूनं 'घ' काढलेला असे. घ म्हणजे घर. ते विकायचे नाहीत. चांगला माल आला की त्यातला सगळ्यात सरळ, सगळ्यात जुन्या रेषांचा ओंडका काका बाजूला काढत, त्यावर घ काढत आणि मागच्या छपराखाली रचून ठेवत. गिऱ्हाईक नेमकं त्याच्यावरच बोट ठेवायचं. काका मान हलवायचे. ते टिंबर आमच्या घराचं आहे.

घर मात्र नव्हतं. काका आणि काकू यंत्राच्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहत. माझी खोली त्यांच्या खोलीला लागून, मध्ये फळ्यांची भिंत. फळीतली एक गाठ गळून पडली होती, तिथून सकाळी उजेडाची काडी माझ्या अंथरुणावर यायची. काकू चहा झाला की त्या भिंतीवर दोनदा वाजवायच्या. एकदा वाजवलं तर काकांना हाक, दोनदा वाजवलं तर मला. त्यात त्यांची एकदाही चूक झाली नाही.

मी आता नंदुरबारला तिसऱ्या मजल्यावर राहते. दारं फायबरची, खिडक्या ॲल्युमिनियमच्या, ओटा ग्रॅनाइटचा. पुसायला सोपं आहे सगळं. पण सकाळी जाग आली की कान आधी भिंतीकडे जातो, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

काकू दर दिवाळीआधी वखारीचं मागचं आंगण झाडून काढायच्या आणि टोपलीत भुसा घेऊन त्याच्या रेघांनी जमिनीवर घर आखायच्या. ही ओसरी, हा देव्हारा, हे स्वयंपाकघर, इथं न्हाणी. दाराच्या जागी रेघ मोडलेली. मी कामावरून आले की मला त्यातून फिरवून आणायच्या आणि मी रेघेवर पाय दिला की रागवायच्या, भिंतीतून काय चालतेस, दारातून ये. दोन-चार दिवसांत वाऱ्यानं भुसा उडायचा. पुढच्या वर्षी घर थोडं बदललेलं असायचं. एका वर्षी त्यांनी माझ्यासाठीही खोली आखली होती. रात्री जेवताना त्या काकांना विचारत, "तुमना टिंबरले दार कव्हय लागी?"

दार कधी लागणार म्हटलं की काका म्हणत, टिंबर अजून वाळतंय.

हे काही खोटं नव्हतं. साग मुरावा लागतो. पण किती मुरावा लागतो हे काकांनाच ठाऊक होतं.

माझ्या दुसऱ्या वर्षी शेवटी त्यांनी मनावर घेतलं आणि दित्या मिस्त्रींना बोलावलं. मोलगीच्या पुढं, जिथं जीप थांबते तिथून दोन तास चालून त्यांचा पाडा. सडपातळ माणूस, बोलणं फार कमी. त्या डोंगरातली निम्मी घरं त्यांच्या हातची, असं गार्डसाहेब सांगायचे. खिळा न वापरता खांबावर आडं, म्हणजे वरची आडवी तुळई, बसवायचे. एका टोकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत शिरणारं कुसू, आणि दोन्ही अशी बसायची की मध्ये पोस्टकार्ड जात नसे. ते आले, काकूंनी आखलेल्या घराभोवती दोनदा फिरले, दारातून आत गेले. रेघ त्यांनी एकदाही ओलांडली नाही. काकू मला म्हणाल्या, याला घर कळतं.

त्यांनी घ काढलेल्या ओंडक्यांतून चार खांब निवडले, तासले, आंगणात पुरले. तीन खांबांच्या माथ्यावर खाचा पाडल्या. प्रत्येक खाचेखाली खूण: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा, म्हणजे कुठलं आडं कुठं बसायचं ते.

चौथ्या खांबाची खाच पाडायच्या आधी तो दिवस आला. दुपारची सुट्टी होती, म्हणून मी तिथं होते. वखारीत गार्डसाहेब होते, तळोद्याची दोन-तीन गिऱ्हाइकं होती, चाचा होते. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि नेहमीची गोष्ट सांगितली. टोपी, वही, टेंभरू. मिस्त्री खाली बसून पटाशीला धार लावत होते. ते हसले. मग मान वर न करता म्हणाले, "टेंभरूनं घर कोन बांधस, शेठ? तेना पानं खुडतस."

टेंभरूचं घर कोण बांधतं, त्याची तर पानं खुडतात. एवढंच. खरं तेच होतं. टेंभरूचं झाड डोंगरात कुणी घरासाठी तोडत नाही. पानांनी उन्हाळ्याचा रोजगार देतं, वर फळं देतं. तोडायचं कशाला? सगळे हसले. मीही हसले. चाचा तर यंत्राला टेकून हसले.

काकांचा चेहरा बदलला. "अंगठा लावणारा माणूस तू," ते म्हणाले, "तू माले शब्द शिकाडस?"

मिस्त्रींनी पटाशी पुसली. वाकस, रंधा, करवत एकेक करून पिशवीत ठेवली. काकू दारात आल्या होत्या, त्यांच्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली आणि मोलगीच्या जीपच्या दिशेनं चालायला लागले. त्यांचा गुण्या, काटकोन बघायचा लाकडी गुण्या, चौथ्या खांबाला टेकवलेला राहिला.

दुसरा सुतार मिळाला असता. अक्कलकुव्यात तीन होते, तळोद्यात हवे तेवढे. काका म्हणायचे, त्याच्या खाचा तोच जाणे. ते वाट बघत होते की मिस्त्री येईल आणि म्हणेल, शेठ, चुकलं. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी जीप परत येऊ लागल्या की ते रस्त्याकडे तोंड करून बसत. माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, काकूंनी दाखवलं. बघ, म्हणाल्या, बाकीचे दिवस यंत्राकडे तोंड असतं.

काकू त्या खांबांना दोरी बांधून कपडे वाळत घालू लागल्या. दोन दिवाळ्या त्यांनी भुशाचं घर त्या चार खांबांच्या हिशेबानं आखलं. तिसऱ्या दिवाळीच्या आधी त्या गेल्या. पाच दिवसांचा ताप. शेवटी शेवटी मला म्हणाल्या, दारातून ये बरं. मी तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, बदली झाली, मी नंदुरबारला गेले. वर्षातून दोन-तीनदा जायची. काकांनी वखार चालू ठेवली. माल कमी झाला, लोक लोखंडी चौकटी लावू लागले, पण प्रश्न तोच आणि गोष्ट तीच.

मग काही वर्षांपूर्वी पवनचक्कीचं पातं घेऊन जाणारा लांबलचक ट्रेलर वखारीसमोरच्या वळणावर अडकला. तीन तास वाहतूक बंद. ट्रेलरबरोबरचा इंजिनिअर, पुण्याकडचा तरुण मुलगा, वखारीत बसला. काकांनी चहा दिला आणि प्रश्न विचारला. मुलगा जर्मनीत शिकून आलेला. तो म्हणाला, टिंबर कुठून आलं ते मला माहीत नाही काका, पण तिकडं मी भाड्यानं राहायचो त्या खोलीला 'त्सिमर' म्हणतात. आणि सुताराला 'त्सिमरमान'. तसाच वाटतो ना शब्द?

ट्रेलर निघून गेला. काकांचा मला फोन आला. बाई, जर्मनीत टेंभरू होतं का?

मी म्हटलं, नसावं.

मग खोलीला टिंबर का म्हणतात?

मी फोनवर बघून सांगते म्हटलं. त्यांना ते मान्य नव्हतं. फोनवर काहीही असतं, म्हणाले, छापील बघा, ज्याला वाळवी लागलेली नाही असं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले, मोठा कोश काढून घेतला आणि रजेच्या अर्जाच्या पाठीमागं सगळं उतरवून घेतलं, एकाखाली एक, आकडे घालून. दुसऱ्या शनिवारी अक्कलकुव्यात माझी चार कामं होती: बँक, जुन्या शाळेतून एक दाखला, शिवायला टाकलेलं एक ब्लाउज, आणि काका. दीडची बस होती. मी सव्वाबाराला वखारीत पोचले आणि उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली.

एक. हा शब्द इंग्रजांनी कुणाकडून उचललेला नाही, त्यांच्या आणि जर्मनांच्या जुन्या भाषेतला आहे. हजार वर्षांहून जुना. दोन. चाळीस कातड्यांच्या गठ्ठ्यालाही टिंबर म्हणत.

इथं काकांनी मला थांबवलं. त्यांचे डोळे चमकले. बघा, म्हणाले, टेंभरूच्या पानांचा पुडा बांधतात की नाही आपल्याकडं? पुडा आणि गठ्ठा, फरक किती? मी म्हटलं, काका, पुढं ऐका.

तीन. जुन्या इंग्रजीत टिंबरचा पहिला अर्थ लाकूड नव्हताच. पहिला अर्थ घर. इमारत. मग घर बांधायचं साहित्य, आणि त्यानंतर कुठं तरी झाड. चार. त्यांच्याच एका जुन्या बहीणभाषेत 'तिम्र्यान' म्हणजे बांधणं.

"तिसरं परत वाचा," काका म्हणाले.

मी परत वाचलं. पहिला अर्थ घर.

पाच, मी वाचलं, या सगळ्याचं मूळ आणखी मागं जातं, तिथं 'देम्' म्हणजे बांधणं. त्याच मुळातून संस्कृतात दम म्हणजे घर. आणि दंपती म्हणजे घराचे धनी.

धनी म्हणजे नवरा?

नाही काका, दोघं. दोघं मिळून.

मी कागदाची घडी घातली आणि घड्याळात बघितलं. एक वाजायला दहा कमी. मला वाटलं, काम झालं. मी मनातल्या मनात यादीवर खूण केली सुद्धा. काका मागच्या आंगणाकडे बघत होते. चार खांब उभे होते, त्यांच्या माथ्यावर पावसानं काळे ओघळ आलेले, दोरी अजून बांधलेली.

"ती घर मांगे," ते म्हणाले, "मी तिले टिंबर दखाडत ऱ्हायनू."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. निदान बसायला हवं होतं. मी म्हटलं, काका, माझी बस आहे, आणि निघाले.

आठ दिवसांनी त्यांचा फोन. आवाज नेहमीचा, कामाचा. बाई, तुम्ही यादी चांगली करता. मी आजपर्यंत कुणाकुणाला टेंभरू सांगितलं, त्यांची यादी करायची आहे. सगळ्यांना बदल कळवायचा.

मी चार रविवार गेले. ते आठवत, मी लिहीत. आडनाव नसलेले निम्मे. 'निळ्या टेंपोवाला'. 'शाळेसाठी बाकं नेली तो, ज्याला दमा होता'. एकशे चौदा नावं झाली आणि त्यांनी एकेकाला सांगायला सुरुवात केली. गार्डसाहेबांना भर एसटी स्टँडवर थांबवून सांगितलं, गार्डसाहेबांना वाटलं शेठच्या घरी कुणी गेलं. कुणाला पोस्टकार्ड, कुणाला माझ्याकडून फोन. पुतण्याच्या मुलीच्या लग्नात आशीर्वाद द्यायला त्यांच्या हाती माईक दिला तर त्यांनी पाचशे पाहुण्यांसमोर सांगितलं की टिंबर टेंभरूपासून आलेलं नाही, ज्यांना ज्यांना मी सांगितलं त्यांनी दुरुस्त करून घ्यावं. मग नवरा-नवरीकडे वळून म्हणाले, तुम्ही दंपती. आधी घर, मग बाकीचं. वऱ्हाडातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नवरीनं मात्र वाकून नमस्कार केला.

एकशे तेरा खुणा झाल्या. एक नाव राहिलं.

त्याला पोस्टकार्ड नाही, फोन नाही, असं काकांनी बजावलं. त्याला भर चारचौघांत बोललो, त्याला तोंडानं सांगायचं. ते दोनदा मोलगीला गेले, बाजाराच्या दिवशी, गुण्या पिशवीत घेऊन. पाड्यापर्यंत चालायला गुडघे नव्हते, म्हणून बाजारात चिंचेखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिले. पहिल्या वेळी कळलं, मिस्त्री ऊसतोडीला गुजरातेत गेले आहेत. दुसऱ्या वेळी कळलं, आलेत, पण आता डोंगर उतरत नाहीत, म्हातारे झाले. काका परत येताना जीपवाल्याला म्हणाले म्हणे, तो माझ्याहून लहान आहे.

गेल्या मे महिन्यात त्यांनी गुण्या माझ्या हातात दिला. तुमचे गुडघे चांगले आहेत, म्हणाले. काय सांगायचं ते नेमकं सांगितलं आणि माझ्याकडून म्हणून घेतलं, शाळेत कविता म्हणून घेतात तसं: दादा, टेंभरूनं घर कोणी बांधत नाही, शेठ म्हणाला. एवढंच. माफीबिफी तुमच्या पदरची जोडायची नाही. मग विचारायचं, चौथी खाच राहिली आहे, कधी येणार?

मी म्हटलं, पुढच्या बाजारी जाते.

जूनमध्ये प्रवेश होते. जुलैत लेखापरीक्षण. पावसात ती वाट निसरडी असते, असं मी त्यांना फोनवर सांगितलं, आणि ते म्हणाले, हो हो, निवांत. यादीत मी ते काम दर आठवड्याला पुढच्या पानावर उतरवत होते. श्रावणात पुतण्याचा फोन आला. काका सकाळी ओंडक्यावर बसलेले चाचांना सापडले. चाचा सांगतात, तोंड रस्त्याकडे होतं.

रविवारी पाटी उतरवल्यावर आम्ही मागं गेलो. पुतण्यानं जागा विकली आहे, संक्रांतीनंतर ताबा द्यायचा आहे. यंत्र गेलं, भिंतीच्या फळ्या गेल्या. माझ्या खोलीच्या जागी फरशीचा चौकोन राहिला आहे, मी उगाच दाराच्या जागेतून आत गेले आणि बाहेर आले.

खांबांना सुरतेकडचं गिऱ्हाईक आहे. इतका मुरलेला साग आता मिळत नाही. पुतण्या चांगला माणूस आहे, म्हणाला, ताई, तुम्ही सांगाल तसं. मी म्हटलं, त्या माणसाला एकदा विचारू दे, मग ठरवू. गार्डसाहेबांनी विचारलं, तो आला तरी घर कुणाचं बांधणार आता? चाचांनी खांबांवरच्या खुणांवरून बोट फिरवलं. एक रेघ. दोन रेघा. तीन रेघा. चौथ्या खांबावर बोट नुसतंच खाली घसरत आलं.

यादी पूर्ण झाली की मी ती फाइलला लावते. ही अजून पर्समध्ये आहे, घडीवर फाटायला लागली आहे, चिकटपट्टी लावली. मोलगीच्या या आठवड्याच्या बाजाराला जायचं आहे. जीप सकाळी स्टँडवरून सुटते. न्यायच्या वस्तू लिहून काढल्या: गुण्या. पाण्याची बाटली. चालायचे बूट. भाकरी. रजेचा अर्ज.

वाक्य पाठ आहे. रोज सकाळी ओटा पुसताना एकदा म्हणून बघते. दादा, टेंभरूनं घर कोणी बांधत नाही, शेठ म्हणाला.

११४. दित्या मिस्त्री, मोलगीच्या पुढं. सांगायचं आहे.